समुद्रापासून दूर उभं राहिलेलं जहाज : एका हॉटेलवाल्याने गाव कसं घडवलं



'हे गाव कोणी वसवलं?' असा प्रश्न वर्गात विचारून बघा. मुलं लगेच एखाद्या राजाचं, सरदाराचं नाहीतर साहेबाचं नाव शोधायला लागतात. त्यात त्यांची चूक नाही. पुस्तकात गाव वसवणाऱ्याच्या नावापुढे बहुतेक वेळा पदवी असते. पण नकाशावर रेघ ओढली म्हणजे गाव होत नाही. तिथे कोणीतरी चूल पेटवावी लागते, आल्या-गेल्याला झोपायला जागा द्यावी लागते, घोड्यांना चारापाणी करावं लागतं. या लेखात अशाच एका माणसाची गोष्ट आहे. माणूस जर्मन, गाव अमेरिकेतल्या टेक्सासमधलं आणि धंदा हॉटेलचा. त्याचं नाव चार्ल्स हेन्री निमित्झ.

निमित्झ हे आडनाव काहींनी ऐकलं असेल. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या अमेरिकन आरमाराचे प्रमुख ॲडमिरल चेस्टर निमित्झ हे या हॉटेलवाल्याचे नातू. त्यांच्या नावाची विमानवाहू युद्धनौकाही आहे. आपण मात्र सुरुवात आजोबांपासून करू, नातू पुढे येतीलच.

हा पाठ इयत्ता सातवी ते नववीसाठी दोन तासिकांत घेता येईल. आधी गोष्ट सविस्तर सांगते, मग वर्गात काय करून घ्यायचं ते बघू.

१. सरदारांची संस्था आणि कागदावरची जमीन

१८४० च्या दशकात आजचा जर्मनी हा एकसंध देश नव्हता. लहान-मोठी अनेक राज्यं होती. शेतजमीन कमी, माणसं जास्त, कारागिरांचे धंदे बसत चाललेले, अशी परिस्थिती होती. अशा वेळी काही सरदार-उमरावांनी १८४२ मध्ये ऱ्हाइन नदीकाठच्या बीब्रिख इथे एकत्र येऊन एक संस्था काढली. जर्मन लोकांना टेक्सासमध्ये नेऊन वसवायचं, हा तिचा हेतू. ही संस्था 'आडेल्सफेराइन', म्हणजे सरदारांचा संघ, या नावाने ओळखली जाते. टेक्सास तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. अमेरिकेत ते १८४५ च्या अखेरीस सामील झालं.

संस्थेची योजना ऐकायला सोपी होती. कुटुंबाने ठराविक रक्कम भरायची. त्या बदल्यात प्रवास, सुरुवातीची मदत आणि कुटुंबामागे ३२० एकर जमीन मिळणार. ज्याच्याकडे गावी दोन-चार एकरही नाहीत, त्याला ३२० एकर म्हणजे काय वाटलं असेल, याचा विचार मुलांना करू द्या.

घोळ जमिनीतच होता. संस्थेने जो करार विकत घेतला, त्यातून जमिनीची मालकी मिळत नव्हती. ठराविक मुदतीत तिथे वसाहत करण्याचा हक्क तेवढा मिळत होता. शिवाय ती जमीन होती लानो आणि कोलोराडो या नद्यांच्या मधल्या प्रदेशात, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत. आणि तिथे कोमांची लोक राहत होते. करार करणाऱ्या सरदारांनी ती जमीन डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

१८४५ ते १८४६ या काळात पाच हजारांहून जास्त लोक जहाजांनी टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरले. नेमकं त्याच वेळी अमेरिका आणि मेक्सिको यांचं युद्ध सुरू झालं. भाड्याने मिळणाऱ्या गाड्या आणि बैल सैन्याने ओढून नेले. माणसं किनाऱ्यावरच अडकून पडली. तंबू, दलदल, पाऊस, खराब पाणी. तापाने आणि जुलाबाने शेकडो जण तिथेच गेले, काही आतल्या वाटेवर गेले. नव्या देशात पाऊल टाकलं आणि शेत बघण्याआधीच संपले.

हा भाग मुलांना सांगताना घाई करू नका. 'ते धाडसी होते म्हणून गेले' एवढ्यावर गोष्ट संपवली, तर कोणाच्या तरी चुकीच्या कागदावर विश्वास ठेवून माणसं निघाली होती, ही गोष्ट झाकली जाते.

२. सोळा दिवसांची वाट

संस्थेचा टेक्सासमधला कारभार १८४५ पासून ओटफ्रीड हान्स फॉन मॉइझेबाख या माणसाकडे आला. तो स्वतः उमराव होता. टेक्सासमध्ये आल्यावर त्याने पदवी सोडली आणि जॉन मॉइझेबाख एवढंच नाव लावलं. करारातली जमीन फार लांब आहे, तर वाटेत एक मुक्कामाचं गाव हवं, हे त्याने ओळखलं. पेडर्नालेस नदीजवळ, दोन ओढ्यांच्या मध्ये, त्याने जागा निवडली.

२३ एप्रिल १८४६ रोजी न्यू ब्राउनफेल्स या आधी वसलेल्या जर्मन गावाहून सुमारे १२० माणसांची पहिली तुकडी निघाली. सोबत वीसेक गाड्या. ८ मे रोजी ते ठरलेल्या जागी पोहोचले. सोळा दिवस लागले. आज हेच अंतर मोटारीने दोन तासांच्या आत कापता येतं. प्रशियाचा राजपुत्र फ्रेडरिक हा संस्थेचा सभासद होता. त्याच्या नावावरून गावाला नाव दिलं फ्रेडरिक्सबर्ग.

प्रत्येकाला गावात घरासाठी एक जागा आणि जवळच शेतीसाठी १० एकर जमीन मिळाली. ३२० आणि १०! फळ्यावर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. बाकी काही बोलायची गरज नाही.

पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी मुख्य रस्त्याच्या मधोमध एक आठ बाजूंची इमारत उभी केली. तिचं नाव 'फेराइन्स किर्खं', म्हणजे संघाचं चर्च. कॉफी दळायच्या यंत्रासारखी दिसते म्हणून लोक तिला 'कॉफीची गिरणी' म्हणायचे. रविवारी वेगवेगळ्या पंथांचे लोक तिथे आळीपाळीने प्रार्थना करायचे. एरवी तीच शाळा, तीच सभागृह आणि वेळ आली तर तोच किल्ला. शिक्षकांनी याची नोंद घ्यावी : गाव वसून जेमतेम वर्ष झालं होतं, पोटभर खायला मिळत नव्हतं, आणि तरी शाळा भरत होती.

३. दर्यावर्दी कोरड्या जमिनीवर येतो

या पहिल्या लोकांमध्येच एकोणीस वर्षांचा चार्ल्स हेन्री निमित्झ होता. जन्म ९ नोव्हेंबर १८२६, जर्मनीतल्या ब्रेमेनचा. ब्रेमेन हे बंदराचं शहर. चौदाव्या वर्षी तो व्यापारी जहाजावर कामाला लागला. घरचे लोक अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला स्थायिक झाले, तेव्हा तोही तिकडे आला आणि तिथून टेक्सासला.

आता गंमत बघा. ज्याने कोवळं वय समुद्रावर घालवलं, तो येऊन राहिला कुठे, तर समुद्रापासून सुमारे ३०० किलोमीटर आत, टेकड्यांच्या प्रदेशात. तिथे जहाज नाही, बंदर नाही, मोठी नदीसुद्धा नाही. मग त्याने मिळेल ते काम धरलं. सायप्रस लाकडाचा धंदा करणाऱ्यांकडे हिशेब लिहिले. काही काळ टेक्सास रेंजर्स या सरहद्दीवरच्या दलात काढला. १८४८ मध्ये सोफी म्युलर हिच्याशी लग्न झालं. त्यांना बारा मुलं झाली. आणि १८५० च्या दशकात मुख्य रस्त्यावर त्याने हॉटेल सुरू केलं.

हॉटेल का? इथे भूगोल मदतीला येतो. १८४८ च्या शेवटी गावाजवळ फोर्ट मार्टिन स्कॉट हा लष्करी तळ उभा राहिला. म्हणजे सैनिक आले, अधिकारी आले, त्यांना भाजी, धान्य, चारा लागायला लागला. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोन्याचं वेड पसरलं आणि पश्चिमेला एल पासोकडे जाणाऱ्या वाटेवर लोकांची रीघ लागली. ती वाट फ्रेडरिक्सबर्गवरून जात होती. पुढे मैलोन् मैल वस्ती नाही. त्यामुळे गाडीचं चाक दुरुस्त करायचं, पीठ-मीठ भरून घ्यायचं आणि शेवटची सुखाची झोप घ्यायची, ती इथेच.

अजून एक कारण आहे. फ्रेडरिक्सबर्गला रेल्वे आली १९१३ मध्ये. निमित्झ वारले १९११ मध्ये. म्हणजे त्यांच्या आख्ख्या हयातीत या गावात माणूस आला तो घोड्यावरून, गाडीतून नाहीतर पायी. थकलेला, धुळीने माखलेला आणि भुकेला. अशा गावात हॉटेल ही चैन नसते, गरज असते.

४. हॉटेल गावासाठी काय काय करतं?

मुलांना हा प्रश्न विचारला तर 'जेवायला देतं' आणि 'राहायला देतं' अशी दोन उत्तरं येतील. ती बरोबरच आहेत. पण त्या काळच्या गावातलं हॉटेल याहून बरंच काही करायचं. एकेक मुद्दा घेऊ.

बातमी : तार नाही, टेलिफोन नाही, वर्तमानपत्र आलं तरी शिळं. कोणत्या वाटेवर पाणी आटलंय, कुठे आजार पसरलाय, धान्याचा भाव काय, हे प्रवासी सांगणार. आणि प्रवासी उतरणार हॉटेलात. म्हणजे गावाचे कान तिथे.

रोख पैसा : नव्या गावात शेतकरी एकमेकांशी देवाणघेवाण करतात, पण हातात नाणं नसतं. प्रवासी रोख पैसे देतो. हॉटेलवाला त्या पैशातून शेतकऱ्याकडून अंडी, लोणी, मांस, लाकूड घेतो. असा बाहेरचा पैसा गावात फिरायला लागतो. अर्थशास्त्राचा हा धडा मुलांना चिठ्ठ्यांच्या खेळातून सहज कळतो. तो खेळ पुढे दिला आहे.

एकत्र यायची जागा : निमित्झ हॉटेलात नाच-गाण्यांसाठी मोठा हॉल होता, तिथे नाटकंही व्हायची. दारूचा गुत्ता होता आणि बिअर तिथेच बनत असे. आंघोळीची सोय होती. दूरदूरच्या शेतावर राहणारी कुटुंबं सणासमारंभाला गावात आली की भेट व्हायची ती अशा ठिकाणी. सोयरिकी जुळायच्या, भांडणं मिटायची, काही नवीन सुरूही व्हायची.

ओळख : 'त्या गावात चांगलं हॉटेल आहे' ही कीर्ती प्रवाशांबरोबर फिरते. पुढे यादवी युद्धात दक्षिणेचे सेनापती झालेले रॉबर्ट ली टेक्सासमध्ये नोकरीला असताना इथे उतरले होते, असं सांगितलं जातं.

आणि मग ते जहाज! १८८० च्या दशकाच्या शेवटाकडे निमित्झांनी हॉटेलच्या दर्शनी भागाला आगबोटीचा आकार दिला. रस्त्याकडे तोंड करून टोकदार नाळ, वर डेक, त्यावर कप्तानाची खोली आणि डोलकाठीसुद्धा. टेकड्यांच्या गावात मुख्य रस्त्यावर एक जहाज नांगर टाकून उभं! गावकरी त्यांना कॅप्टन म्हणत. लांबून येणाऱ्या गाडीवानाला हे जहाज दिसत असेल तेव्हा त्याला काय वाटत असेल? चित्रकलेच्या तासाला हा विषय द्या, मुलं खूश होतात.

सोफीबद्दल मुलींनी हमखास प्रश्न विचारावा असं मला वाटतं. बारा मुलांचं घर आणि पाहुण्यांनी भरलेलं हॉटेल. पाटीवर नाव नवऱ्याचं. मग रोज किती भाकरी, म्हणजे तिकडचे किती पाव भाजले जात असतील, किती चादरी धुतल्या जात असतील, आणि कोणाच्या हातांनी? याचं उत्तर इतिहासाच्या पुस्तकात क्वचितच मिळतं. प्रश्न मात्र वर्गात पडायलाच हवा.

५. 'ओसाड' जमीन कोणाची होती?

आता पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग.

वसाहतीच्या गोष्टींमध्ये एक वाक्य हमखास येतं : 'त्यांनी ओसाड माळरानावर गाव उभं केलं.' हे वाक्य मुलांनी लिहिलं तर तिथे थांबा. ओसाड म्हणजे कोणाच्या दृष्टीने? कोमांची लोकांचा पेनाटेका नावाचा मोठा गट या प्रदेशात गव्यांच्या कळपांमागे फिरत होता. तिथली पाण्याची ठिकाणं, वाटा, ऋतू त्यांना ठाऊक होते. घरं आणि कुंपणं नव्हती म्हणून जमीन मोकळी होती, असं होत नाही.

मॉइझेबाखला हे कळत होतं. १८४७ च्या सुरुवातीला तो थोडी माणसं घेऊन कोमांची प्रदेशात गेला. मार्च महिन्यात सान साबा नदीकाठी कोमांची प्रमुखांशी बोलणी झाली आणि मे १८४७ मध्ये फ्रेडरिक्सबर्गला करारावर सह्या झाल्या. जर्मनांनी त्या प्रदेशात वस्ती करावी, कोमांचींनी गावात निर्धास्त यावं-जावं, भांडण झालं तर आपापसात सूड न उगवता न्याय करावा, आणि कोमांचींना ३,००० डॉलरच्या भेटी मिळाव्यात, असं ठरलं. हा करार मोडला गेला नाही, असं फ्रेडरिक्सबर्गमध्ये अभिमानाने सांगतात. अमेरिकेच्या इतिहासात मूळ रहिवाशांशी झालेले कित्येक करार मोडले गेले. त्या मानाने ही गोष्ट वेगळी आहे, आणि तिचं श्रेय दोन्ही बाजूंना द्यायला हवं.

पण गोष्ट इथे संपवू नका. दोनच वर्षांनी, १८४९ मध्ये, पश्चिमेकडे निघालेल्या लोकांबरोबर पटकी आली. फ्रेडरिक्सबर्गमध्ये माणसं दगावली, आणि पेनाटेकांमध्ये तर हाहाकार उडाला. त्यांचे अनेक प्रमुख त्यात गेले. पुढे १८५० च्या दशकात टेक्सास सरकारने त्यांच्यासाठी एक लहान राखीव प्रदेश काढून दिला, आणि १८५९ मध्ये तिथूनही त्यांना राज्याबाहेर उत्तरेला हलवलं. ज्या वाटेने हॉटेलात पाहुणे आले, त्याच वाटेने रोगराई आली आणि आणखी वसाहतकरी आले. हॉटेलची भरभराट आणि कोमांचींचं जाणं या दोन गोष्टी एकाच काळात, एकाच प्रदेशात घडल्या. निमित्झ वाईट माणूस होता, असा याचा अर्थ नाही. चांगल्या, कष्टाळू माणसाच्या घरबांधणीखालीसुद्धा कोणाची तरी जमीन असते, एवढंच मुलांना कळायला हवं. आठवी-नववीच्या मुलांना हे पेलतं.

याच कराराशी जोडलेली एक लोककथा लहान मुलांना आवडेल. बोलणी चालू असताना रात्री आजूबाजूच्या टेकड्यांवर जाळ दिसायचे. गावातली मुलं घाबरली. तेव्हा एका आईने सांगितलं, 'अरे, ईस्टरचा ससा अंडी रंगवायला रंग उकळतोय!' त्यातून ईस्टरच्या आदल्या रात्री टेकड्यांवर होळ्या पेटवायची प्रथा पडली, असं गावात सांगत. गंमत अशी की ईस्टरला जाळ करायची चाल जर्मनीच्या काही भागांत आधीपासूनच होती. मग लोककथा खोटी का? मुलांना वाद घालू द्या. आईने मुलांची भीती घालवली, हा भाग लोकांनी का जपला, हेही विचारा.

६. गाव दुभंगतं तेव्हा

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेतली राज्यं देशातून फुटून निघाली. त्यात टेक्सासही होतं. फुटून निघावं की नाही यावर टेक्सासमध्ये मतदान झालं. फ्रेडरिक्सबर्ग ज्या गिलेस्पी काउंटीत येतं, तिथे सुमारे ९६ टक्के मतं फुटण्याच्या विरोधात पडली. इथले जर्मन शेतकरी बहुतांशी स्वतःच्या हाताने शेती करणारे होते. गुलाम ठेवणारे फारच थोडे.

निमित्झांनी काय केलं? १८६१ मध्ये त्यांनी 'गिलेस्पी रायफल्स' नावाची तुकडी उभी केली, आणि पुढे फुटीर सरकारचे सैन्यभरती अधिकारी झाले. म्हणजे ज्या गावाने विरोधात मत दिलं, त्याच गावातल्या पोरांची नावं सैन्यात लिहून घ्यायचं काम त्यांच्याकडे आलं. कालपर्यंत जे शेजारी त्यांच्या हॉलमध्ये नाचायला येत होते, त्यांच्याच मुलांची नावं.

ज्यांना हे सैन्य नको होतं, त्यांच्यातले साठेक जर्मन तरुण ऑगस्ट १८६२ मध्ये मेक्सिकोकडे निघाले. १० ऑगस्टच्या पहाटे न्यूएसेस नदीजवळ सैन्याने त्यांना गाठलं. एकोणीस जण लढताना मेले. नऊ जखमींना नंतर ठार मारलं गेलं. जवळच्या कंफर्ट या गावात त्यांचं स्मारक आहे. त्यावर जर्मन भाषेत 'संघराज्याशी निष्ठा' या अर्थाचे शब्द कोरले आहेत. त्यानंतर गिलेस्पी काउंटीत एका सशस्त्र टोळीने माणसांना घरातून ओढून फाशी दिलं. टोळीचा म्होरक्या वॉल्ड्रिप युद्धानंतर, १८६७ मध्ये, फ्रेडरिक्सबर्गला परत आला आणि गोळी लागून मेला. कुठे? निमित्झ हॉटेलच्या आवारालगत.

हे सगळं मुलांना का सांगायचं? कारण ज्याला आपण गावाचा घडवणारा म्हणतो, तो प्रत्येक वेळी गावाच्या मनासारखंच वागला असेल असं नाही. तरीही युद्ध संपल्यावर हॉटेल चालू राहिलं. लोक परत तिथे आले, जेवले, नाचले. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच लोकांनी निमित्झांना टेक्सासच्या विधिमंडळात पाठवलं. ज्या गावात न्यूएसेसला मेलेल्यांची घरं होती, तिथे हे घडायला किती वर्षं लागली असतील आणि कोणी किती गिळलं असेल? लहान गावात भांडलेल्या माणसांना उद्या परत एकाच रस्त्याने जायचं असतं. आपल्या मुलांना हे पुस्तकाबाहेरही माहीत असतं.

७. आजोबा आणि नातू

२४ फेब्रुवारी १८८५ रोजी निमित्झांचा नातू चेस्टर जन्मला. त्याचे वडील त्याच्या जन्माआधीच वारले होते. लहानपणी त्याला वडिलांची माया मिळाली ती या आजोबांकडून. जहाजाच्या आकाराच्या हॉटेलात, एका म्हाताऱ्या दर्यावर्दीकडून समुद्राच्या गोष्टी ऐकत पोर वाढलं. समुद्र कडक मास्तर आहे, शिकता येईल ते शिका, जमेल तितकं चांगलं करा आणि जे आपल्या हातात नाही त्याची काळजी करत बसू नका, अशा अर्थाची आजोबांची शिकवण चेस्टर मोठेपणी सांगत.

पुढे आईने दुसरं लग्न केलं आणि कुटुंब कर्व्हिल गावी गेलं. तिथेही हॉटेलच चालवायचं होतं. चेस्टर शाळा सांभाळून हॉटेलात कामं करायचा. एकदा तिथे दोन तरुण लष्करी अधिकारी उतरले. त्यांना पाहून त्याला सैन्यात जावंसं वाटलं. लष्करी अकादमीत जागा नव्हती, पण आरमाराच्या अकादमीसाठी परीक्षा देता येत होती. घरात कॉलेजसाठी पैसे नव्हते. त्याने पहाटे उठून अभ्यास केला आणि १९०१ मध्ये प्रवेश मिळवला. २ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात जपानच्या शरणागतीच्या कागदावर अमेरिकेतर्फे सही केली ती याच मुलाने.

आपल्या देशाशी त्यांचा एक धागा आहे. काश्मीरमध्ये सार्वमत घ्यायचं ठरलं, तेव्हा त्यासाठीचे प्रशासक म्हणून संयुक्त राष्ट्रांनी १९४९ मध्ये नेमलं ते ॲडमिरल चेस्टर निमित्झ यांनाच. सैन्य मागे घेण्याबाबत एकमत झालं नाही, त्यामुळे ते काम सुरूच होऊ शकलं नाही. दहावीच्या मुलांना हा संदर्भ जरूर सांगा.

आज ते जुनं हॉटेल पॅसिफिक युद्धाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा भाग आहे. आगबोटीचा दर्शनी भाग मधल्या काळात काढून टाकला होता, तो पुन्हा बांधला. आवारात जपानने भेट दिलेली एक शांत बाग आहे. ज्यांच्याशी युद्ध झालं, त्यांनी दिलेली बाग, आणि ती एका सराईच्या अंगणात.

८. वर्गात काय करून घ्याल?

चिठ्ठ्यांचा खेळ (२० मिनिटं) : वर्गात सहा भूमिका वाटा – शेतकरी, लोहार, हॉटेलवाला, शिक्षक, पाव भाजणारी, प्रवासी. सुरुवातीला कागदी नाणी फक्त प्रवाशाकडे द्या. प्रवासी हॉटेलात खर्च करतो. पुढे ते नाणं कोणाकोणाकडे जातं, ते फळ्यावर बाणांनी दाखवा. मग प्रवासी काढून टाका आणि काय होतं ते मुलांनाच सांगू द्या.

दोन वाक्यांचा सराव : 'त्यांनी ओसाड माळावर गाव वसवलं' हे वाक्य मुलांना दोनदा बदलून लिहायला सांगा. एकदा कोमांची मुलाच्या नजरेतून, एकदा किनाऱ्यावर आई गमावलेल्या जर्मन मुलीच्या नजरेतून. वाक्य किती बदलतं, त्यावर चर्चा.

माहिती की सांगीवांगी : लेखातल्या गोष्टी दोन रकान्यांत लिहा. तारखा आणि करार एका बाजूला, 'असं सांगितलं जातं' असे मुद्दे दुसऱ्या बाजूला. दुसरा रकाना खोटा ठरवायचा नाही, फक्त वेगळा ठेवायचा. ही सवय लागली तर मोबाइलवर येणाऱ्या मेसेजांच्या बाबतीतही उपयोगी पडते.

चर्चेचे प्रश्न :
१) मॉइझेबाख आणि निमित्झ, यांपैकी गाव कोणी घडवलं? 'दोघांनी' असं उत्तर आलं तर प्रत्येकाचा वाटा सांगा.
२) भरती अधिकारी होण्याऐवजी निमित्झ काय करू शकले असते? त्याची किंमत काय पडली असती?
३) ३२० एकरांऐवजी १० एकर मिळाल्यावरही लोक परत का गेले नाहीत?
४) फ्रेडरिक्सबर्गमध्ये पिढ्यान् पिढ्या घरात जर्मन बोलली गेली. आता ती बोलणारे म्हातारे झाले आहेत. घरातली भाषा कशामुळे टिकते आणि कशामुळे जाते?

पालकांसाठी : शनिवार-रविवारी मुलांना घेऊन आपल्या एसटी स्टँडजवळच्या किंवा बाजारपेठेतल्या सर्वांत जुन्या खानावळीत, चहाच्या दुकानात जा. मालकांना किंवा काकूंना नीट विचारून मुलांना चार प्रश्न विचारू द्या : दुकान कधी सुरू झालं? आधी इथे काय होतं? गिऱ्हाईक कुठून येतं? रस्ता रुंद झाला किंवा बायपास झाला तेव्हा काय बदललं? मुलांनी उत्तरं वहीत त्यांच्याच शब्दांत लिहावीत. मुलं शुद्धलेखनात चुकली तर त्या दिवशी लाल पेन बाजूला ठेवा.

गावाच्या वेशीवर ज्यांचा पुतळा असतो, त्यांच्याबद्दल मुलं शाळेत शिकतातच. पहाटे चारला उठून भट्टी पेटवणाऱ्याबद्दल कोण शिकवणार? ते काम तुमचं-माझं आहे. आणि शिकवताना त्याला देव करायची गरज नाही. त्याच्या हॉटेलचं छप्पर, त्याखालची जमीन, त्याने घेतलेली बाजू आणि त्याने वाढवलेला नातू, हे सगळं एकाच गोष्टीत सांगता आलं, तर तो इतिहासाचा चांगला तास झाला असं समजा.